गजभियांचे बारा टाके

जवाहरनगरच्या क्वार्टरांमध्ये कोणाचं काही अडलं, की लोक अश्वजित गजभियांकडे जात. कोणाचं काहीच अडलं नसलं, तर गजभिये स्वतः त्यांच्याकडे जात! चौतीस वर्षं फॅक्टरीत लेथवर काढलेला माणूस. "केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक मी नुसत्या बोटानं सांगतो," असं ते म्हणत, आणि समोरच्याच्या डोक्यावर केस उरले असतील तर एखादा उपटून खात्रीही करून देत.

अशा माणसावर हर्नियाच्या ऑपरेशनपायी महिनाभर घरी बसायची पाळी आली. ऑपरेशन झकास झालं. पोटावर बारा टाके पडले. हा आकडा गजभियांनी इतक्या अभिमानाने गावभर सांगितला, की जणू क्रिकेटमध्ये बारा षटकारच मारून आले होते. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, खिदळून हसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बोलायचं नाही असं मात्र सांगितलं नव्हतं, आणि बायको लीलाबाईंना डॉक्टरांचा राग आला तो याच कारणावरून.

घरात तेव्हा एक वेगळीच लढाई पेटली होती. गजभियांची एकुलती एक लेक प्रतिक्षा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. दोन्ही घरांतलं हे पहिलंच नातवंड. प्रश्न एवढाच होता, की लेकरू दवाखान्यातून घरी येईल तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी कोणाची असेल?

लीलाबाई दोन सुयांवर विणणाऱ्या. लाखनीच्या विहीणबाई, गोदावरीबाई, क्रोशावाल्या. दोघींचा हात असा, की फॅक्टरीच्या बसमधले अर्धे स्वेटर लीलाबाईंचे आणि लाखनीतल्या निम्म्या टीव्हींवरचे रुमाल गोदावरीबाईंचे!

"क्रोशात भोकं राहातात," लीलाबाई म्हणायच्या. "लेकराच्या डोक्यावर टोपी घालाची आहे का चाळणी?"

हे वाक्य लाखनीला पोचायला दीड तास लागला. तिकडून उत्तर आलं, "दोन सुयांचं काय सांगता जी? एक टाका सुटला का सारी टोपी उसवते. चाळणी परवडली, पण सुतळी नको!"

मध्ये सापडली होती प्रतिक्षा. एका कानाशी आई, दुसऱ्या कानाशी फोनवर सासू. एका दुपारी ती बापाजवळ येऊन बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, दोघीबी मलेच विचारून राहिल्या, कोणाची चांगली म्हणून. आईची घातली तर तिकडं जन्मभर ऐकावं लागते, अन् सासूबाईची घातली तर आई बोलणार नाही. तुमीच काहीतरी करा ना!"

लेकीच्या डोळ्यांत पाणी पाहून गजभियांचे बाराही टाके एकदम ठणकले. कुलरसमोर खाटेवर ते ताठ बसले.

"रडू नको, बेटा. निकाल मी देतो. पण शास्त्रशुद्ध! दोन्ही कामं स्वतः शिकतो, दोन्ही तपासतो, अन् लेकरू यायच्या आत लेखी निकाल देतो. आठ दिवस बस झाले. लोखंडाले वळण लावणारा माणूस मी, लोकर काय चीज आहे!"

झालं! त्यांनी फॅक्टरीच्या जुन्या डायरीत रकाने आखले. वेळ किती, लोकर किती, ताण किती, उसवायचा धोका किती. माप घ्यायला कपाटातून स्वतःचं वर्नियर काढलं. लेकराचं डोकं अजून पोटातच असल्यामुळे त्याचं माप मिळेना. लीलाबाई म्हणाल्या की घेर पस्तीस सेंटीमीटर धरतात. गजभियांनी त्याला बावीस सप्तमांशानं भागलं, अकरा पूर्णांक एक दशांश व्यास काढला आणि त्या व्यासाची वस्तू घरभर शोधली. शेवटी सापडली ती फॅक्टरीत न्यायची दोन लिटरची स्टीलची बाटली. वर्नियर लावून पाहिलं, अगदी बिनचूक! तेव्हापासून ती बाटली उशाशी डोकं म्हणून उभी राहिली.

लोकर आणायला लीलाबाई भंडाऱ्याला गेल्या. दुकानदाराने माळ्यावरचा खोका उतरवला, धूळ झटकली आणि त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं. लाल रंगाचीच काय ती उरली होती. लालभडक!

सकाळचा वर्ग लीलाबाईंचा. "सुलटा घाला. आता उलटा. सुलटा, उलटा. अहो, किती टाइट विणून राहिले! सुई सरकत नाही, पक्कड आणू का?"

"ढिलं काम मी आयुष्यात केलं नाही, लीला," गजभिये सांगत. आणि हळूच जोडून देत, "खरं सांगू? दोन सुयाच खऱ्या. क्रोशा काय, वेळ घालवाचं काम." लीलाबाई खूश होऊन चहात जास्तीची साखर घालत.

दुपारचा वर्ग गोदावरीबाईंचा. तो चोरून चाले. लीलाबाईंचा डोळा लागला की गजभिये फोन घेऊन मागच्या अंगणात जात आणि दबक्या आवाजात शिकत. घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता! विहीणबाई फोनवरून आपल्या व्याह्यांना एकेक टाका सांगत. "इवाईजी, आधी साखळी घाला. आता तीन खांब. मंग एक मुका खांब."

गजभिये तेच घोकत. "साखळी. तीन खांब. एक मुका खांब." आणि शेवटी हळूच, "खरं सांगू, विहीणबाई? क्रोशाच खरा. दोन सुया काय, नुसता खटखटाट."

कुंपणापलीकडे शेजारचे बाबुलाल कढीपत्त्याला पाणी घालत उभे होते. बाबुलाल गजभियांच्याच सेक्शनमध्ये होते, मनाने फार चांगले. पण कानावर आलेली गोष्ट त्यांच्या पोटात कधी टिकली नाही. तीन खांब आणि एक मुका खांब ऐकून त्यांनी संध्याकाळपर्यंत कॉलनीत सांगून टाकलं, की आपल्या क्वार्टरांच्या लाइनीत चार नवे विजेचे खांब येऊन राहिले, त्यांतल्या एकावर लाइट नाही! दुसऱ्या दिवशी सात माणसं ऑफिसात चौकशीला जाऊन आली. तिथे कोणाला काही माहीत नव्हतं. तेव्हा बाबुलालनी निष्कर्ष काढला, की गजभियांची भूल अजून उतरलेली नाही.

ऑपरेशनच्या दहाव्या दिवशी सकाळी लीलाबाई प्रतिक्षाला तपासणीसाठी भंडाऱ्याला घेऊन गेल्या. जाताना बजावलं, "पडून राहा. टाके परवा काढाचे आहेत. उगाच हलू नका." गजभियांनी मान डोलावली, दाराला आतून कडी घातली आणि लाल टोपी काढली. क्रोशाची टोपी लपवून पुरी झाली होती. ही दोन सुयांची तेवढी शेंड्याला आली होती. ती झाली की निकाल लिहून मोकळं व्हायचं.

इतक्यात दारावर थाप पडली. "गजभियेभाऊ, जयभीम! पेपर आहे का आजचा?" बाबुलालच होते. गजभिये दचकले. फॅक्टरीतला सीनियर मशिनिस्ट बनियनवर बसून टोपी विणतो, हे बाबुलालना कळणं म्हणजे पेपरातच छापून येणं! त्यांनी टोपी झटक्यात उशीखाली कोंबली आणि ओरडले, "पेपर नाही! मी झोपलो आहे!"

बाबुलाल गेले. गजभियांनी टोपी काढली. सुई घसरून बाहेर आली होती. टाके सुटले होते. मोजले तर बरोबर बारा! पाहता पाहता एक टाका खाली घरंगळला, त्याच्यामागे दुसरा. आठ दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत उसवायला लागली. त्यांनी टोपी डाव्या मुठीत घट्ट दाबून धरली, उजव्या हाताने फोन घेतला आणि लीलाबाईंना मेसेज टाकला, बोललं की टाइप होतं तसा. चष्मा कुठे होता देव जाणे. लीलाबाईंचा फोटो दिसला, त्यावर बोट दाबलं.

आता घोळ असा, की लीलाबाईंचा तोच फोटो 'गजभिये परिवार' या ग्रुपलाही लावलेला होता. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी गजभियांनीच मोठ्या हौसेने लावला होता! बपेऱ्यापासून नागपूरपर्यंतच्या चाळीस नातेवाइकांना सकाळी साडेअकराला मेसेज मिळाला तो असा: "टाके सुटले. एकदम बारा. खालपर्यंत उसवत चाललं आहे. हातानं दाबून धरलं. घरी कोणी नाही. लवकर सांग काय करू."

बपेऱ्याला त्यांचा धाकटा भाऊ मंगरू शेतावरून येऊन जेवायला बसला होता. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. त्याने भावाला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. पुन्हा एंगेज!

एंगेज असणारच. लीलाबाईंचं उत्तर येईना म्हणून गजभियांनी विहीणबाईंना फोन केला होता.

"टाके सुटले? मंग घाबरता कायले?" गोदावरीबाई म्हणाल्या. "दोन सुयांचा टाका सुटला तरी त्याले वर आणते आमची क्रोशाची सुईच. आकडा घाला अन् एकेक आडवा धागा ओढून वर या."

गजभियांना हायसं वाटलं. बायको काळजी करत असेल म्हणून फोन चालू ठेवूनच त्यांनी दुसरा मेसेज टाकला: "चिंता नको. क्रोशाची सुई सापडली. बाराही टाके मीच उचलून घेतो. विहीणबाई फोनवर सांगून राहिल्या."

हा मेसेज वाचून मंगरू मटकन खाली बसला, तसाच उठला आणि "भाऊ सुईनं पोट शिवून राहिला वो!" असं ओरडत रस्त्यावर धावला. रक्त लागेल म्हणून त्याने गावातले सहा धट्टेकट्टे गडी गाडीत कोंबले. गाडी सुटायच्या आधी बाबुलालना फोन केला, "दार तोडा, पण भाऊले वाचवा!"

तिकडे लाखनीला जावई संघपालने तोच मेसेज वाचला. स्वयंपाकघरात त्याची आई खांद्याला फोन लावून पोळ्या लाटत होती आणि बोलत होती, "हं, आता सुई आत घाला. धागा धरला? ओढा वर! अजून आतून घ्या!"

"आई! मामांचं ऑपरेशन तू करून राहिली?"

"अरे, टोपीचे टाके..." गोदावरीबाई सांगायला लागल्या. पण ऐकतो कोण! त्याने त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. त्यांनीही मग फार सांगितलं नाही. सुनेला भेटायचं होतंच, गाडी आयती मिळाली होती. पिठाच्या हातानेच त्यांनी क्रोशाची पिशवी तेवढी उचलली.

इकडे गजभियांचे सात टाके उचलून झाले होते. आठव्याला दार गदगदलं. बाहेर बाबुलाल आणि सगळी लाइन!

"गजभियेभाऊ, कडी काढा! हात लावू नका पोटाले!"

गजभियांनी टोपी, सुया, क्रोशा सगळं बनियनच्या आत सारलं, चादर ओढली आणि आडवे झाले. बाबुलालनी खिडकीतून डोकावलं. त्यांना दिसलं ते असं: गजभिये घामाघूम, पोट दोन्ही हातांनी दाबलेलं, आणि बनियनखालून लाल लाल काहीतरी खाटेवरून खाली ओघळलेलं! "गेले!" एवढंच ते बोलू शकले. दुसऱ्या मिनिटाला कडी निखळली आणि पंधरा माणसं आत घुसली.

"पोट दाखवा!"

"नाही दाखवत!"

"शुद्धीवर नाहीत," कोणीतरी म्हणालं. "अॅम्ब्युलन्स बोलवा!" ती कोणीतरी आधीच बोलावली होती. गजभियांना उचलून स्ट्रेचरवर ठेवलं, अंगणात आणलं. बनियन ते काही सोडेनात. चौतीस वर्षांची इज्जत त्या एका बनियनच्या आत होती!

त्याच वेळी ऑटोतून लीलाबाई आणि प्रतिक्षा उतरल्या. डॉक्टरीणबाईंनी अजून आठ दिवस आहेत म्हणून सांगितलं होतं, त्या निवांत आल्या होत्या. पाहतात तर दारात जत्रा, आणि स्ट्रेचरवर गजभिये! लीलाबाईंच्या हातातली पिशवी पडली. त्या धावत आल्या आणि स्ट्रेचर धरून रडायलाच लागल्या.

"असे कसे झाले जी? सकाळी तर बरे होते! अहो, तुमी फक्त बरे व्हा. टोपी विहीणबाईचीच घालू लेकराले! भोकं असली तर असली. मी एक शब्द बोलणार नाही!"

गजभियांनी एक डोळा किलकिला केला. जे आठ दिवसांत रकाने आखून जमलं नव्हतं, ते असं स्ट्रेचरवर पडल्या पडल्या जमून गेलं होतं. बायकोचं रडणं पाहून त्यांना आतून भडभडूनही आलं. एवढा जीव आहे हिचा आपल्यावर! सांगून टाकावं असं वाटलं. पण आणखी दोन मिनिटं पडून राहावं, असंही वाटलं.

ती दोन मिनिटं नडली! लाखनीची गाडी कचकन येऊन थांबली. गोदावरीबाई उतरल्या आणि गर्दीतून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "काय जी इवाईजी, उचलले का सारे टाके? दाखवा पाहू टोपी!"

"टोपी?" पंधरा तोंडांतून एकदम निघालं.

प्रतिक्षाने लोंबणाऱ्या लाल लोकरीचं टोक धरलं आणि ओढलं. बनियनमधून आधी लोकर आली, मग एक सुई, मग दुसरी, आणि शेवटी क्रोशा अडकलेली ती टोपी!

लीलाबाईंनी डोळे पुसले. टोपी उलटी-सुलटी करून पाहिली. "हे सात टाके कोणं उचलले? लय साफ उचलले."

"म्यानं सांगितलं फोनवर," गोदावरीबाई म्हणाल्या. "आठ दिवस झाले, रोज शिकून राहिले माह्याकडं."

"तुमच्याकडं?" लीलाबाईंचा आवाज बदलला. "मले तर म्हणत, दोन सुयाच खऱ्या!"

"अन् मले म्हणत, क्रोशाच खरा! दोन सुया म्हणजे खटखटाट!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. मग दोघी मिळून स्ट्रेचरकडे वळल्या. पुढची पाच मिनिटं गजभियांनी जे ऐकलं, ते डायरीच्या कोणत्याच रकान्यात बसणारं नव्हतं. लीलाबाई थकल्या की गोदावरीबाई सुरू होत, एक सुलटा, एक उलटा!

प्रतिक्षाला हसू आवरेना. सासू आणि आई एका सुरात बापाला झापताहेत, हे पाहून ती खांबाला टेकून हसत सुटली. हसता हसता एकदम थांबली. पोट धरून म्हणाली, "आई... मले वाटते, आठ दिवस नाही आहेत."

अॅम्ब्युलन्स दारात उभी होतीच! गजभियांना स्ट्रेचरवरून अक्षरशः उतरवलं, लेकीला त्यावर घेतलं आणि सगळे भंडाऱ्याला निघाले. गेटपाशी मंगरूची गाडी समोर आली. त्याने अॅम्ब्युलन्स पाहिली आणि "भाऊ!" म्हणून हंबरडा फोडला. खिडकीतून भाऊच म्हणाला, "रडू नको, मागून ये. मी आजोबा होऊन राहिलो!"

दवाखान्याच्या बाकावर दोन्ही विहिणी शेजारी शेजारी बसल्या. बसून बसून काय करणार? लीलाबाईंनी ती टोपी काढली. उरलेले टाके गोदावरीबाईंनी क्रोशाने उचलून दिले, लीलाबाईंनी शेंडा मिटवला. मग गोदावरीबाईंनी पिशवीतली पांढरी लोकर काढून कडेला क्रोशाची झालर घातली. "झालर लय शोभली, विहीणबाई," लीलाबाई म्हणाल्या. "शोभाले खाली पक्कं काम लागते जी," गोदावरीबाई म्हणाल्या. समोर गजभिये पोट सांभाळत उभे होते. त्यांना बसायला कोणी सांगितलं नाही.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. लेक सुखरूप, नात गुबगुबीत! दोन्ही आज्यांनी मिळून टोपी पुढे केली. नर्सबाईंनी ती हातात घेतली, दाबून पाहिली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"एप्रिल आहे, आजीबाई. बाहेर चव्वेचाळीस आहे! ही घातली तर लेकराच्या अंगभर घामोळ्या येतील. सुती टोपी आणा."

दोन्ही आज्यांनी नर्सबाईंकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि मग अगदी सावकाश गजभियांकडे पाहिलं.

"तुमी एवढं सारं मापलं," लीलाबाई म्हणाल्या, "महिना नाही पाहिला?"

शेवटी नात घरी आली ती कोपऱ्यावरच्या दुकानातली तयार सुती टोपी घालून. टोपी पाव सेंटीमीटर सैल होती, हे गजभियांनी बोटानेच ओळखलं. पण या वेळी ते बोलले नाहीत.

मे महिन्यात ते ड्यूटीवर गेले तेव्हा त्यांच्या दोन लिटरच्या बाटलीवर ती पांढऱ्या झालरीची लाल टोपी होती, पाण्यात भिजवलेली. बसली होती अगदी बिनचूक. बसणारच, मापच त्या बाटलीचं होतं! जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणी गारेगार राहिलं. बाबुलालनी एक घोट घेतला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही विहिणींकडे अकरा टोप्यांची मागणी नोंदली गेली.

निकाल लेखी द्यायचा शब्द गजभियांनी लेकीला दिला होता, तो त्यांनी पाळला. डायरीच्या शेवटच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: "दोन्ही कला उत्तम. टोपी कोणत्याही सुईने होते."

त्याच्या खाली दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात एक ओळ आहे. गजभिये म्हणतात, ती कोणी लिहिली त्यांना माहीत नाही.

"फक्त डोकं लागते."